करंगळीएवढा जोर

हातात धरून खेळायचा नवा कन्सोल बाजारात आला की मी तो करंगळीने दाबून बघते. चेन्नईत आमच्या वेलचेरीच्या मॉलमध्ये तळमजल्यावर एक दुकान आहे. तिथे नवं यंत्र टेबलावर साखळीने बांधून ठेवतात, ज्याला वाटेल त्याने खेळून बघावं. कॉलेजची पोरं रांग लावतात. बँकेतून परत येताना मीही त्या रांगेत उभी राहते, खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी आणि केसांत सकाळचा सुकलेला गजरा. माझा नंबर आला की मी गेम खेळत नाही. उजवी करंगळी बटणावर ठेवते आणि हळूहळू भार देते. मग यंत्र साखळीसकट एका तळहातावर घेते आणि मनात पन्नासपर्यंत मोजते. मागची पोरं एकमेकांना कोपरं मारतात. मारू देत.

परवा दुकानातल्या मुलीने शेवटी विचारलंच, कुणासाठी बघताय म्हणून. मी तमिळमध्ये सांगितलं, भावासाठी. वय किती, तिने विचारलं. एकोणतीस, मी म्हटलं. मग ती स्क्रीन किती मोठा झालाय, चित्र किती खरं दिसतं, हे घडाघडा सांगायला लागली. मी विचारलं, "वजन?" ती म्हणाली, थोडं वाढलंय, पण हातात भरीव वाटतं. "आणि बटणं?" तिचा चेहरा खुलला. "एकदम घट्ट आहेत मॅडम, दाबून बघा, कसा टक् आवाज येतो." मी दाबून बघितलं होतं. माझ्या करंगळीने तो आवाज आला नव्हता. मी तिचे आभार मानले आणि बाहेर आले. शेअर ऑटोत बसल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

माझा भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. बाबांची बदली खडकीहून चेन्नईजवळ आवडी गावातल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात झाली तेव्हा तो आईच्या कडेवर होता. त्यामुळे त्याचं सगळं शिकणं, भांडणं, शिव्या देणं तमिळमध्ये झालं, आणि मराठी फक्त आमच्याशी. त्याला स्नायूंचा आजार आहे हे आठव्या वर्षी कळलं. डॉक्टरांनी त्याचं लांबलचक नाव कागदावर लिहून दिलं. आईने ते नाव आजवर तोंडातून काढलेलं नाही, ती नुसतं 'त्याचं ते' म्हणते. त्याचं ते आधी पायांत आलं, मग दंडांत, मग मनगटांत. बोटं सगळ्यात शेवटी जातात, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या एका वाक्यावर आमचं घर पुष्कळ वर्षं चाललं.

मी बँकेत लागले त्या वर्षी त्याला एक हँडहेल्ड घेऊन दिला. निळा, पुस्तकासारखा मिटणारा. आई त्याला 'डबी' म्हणायची, म्हणून आम्हीही डबीच म्हणायला लागलो. तो उजव्या कुशीवर झोपायचा. पाठीला एक उशी, गुडघ्यांमध्ये एक, आणि समोरच्या छोट्या लोडावर डबी. दोन्ही अंगठे बटणांवर टेकवले की पुढचे दोन तास रावसाहेबांचा दरबार बंद. कुणी काही विचारलं तर "इरु ताई, इरु," म्हणजे थांब जरा. त्याचा आवडता गेम रेल्वेचा होता. डोंगराळ मुलूख, आणि त्यातून स्टेशनामागून स्टेशन जोडत रूळ टाकत जायचं. एक बटण दाबलं की एक रूळ. घाई नाही, कुणी मारायला येत नाही, चुकलं तर उखडायचं आणि परत टाकायचं. एकूण चाळीस स्टेशनं होती. तो घरून एका संस्थेसाठी पुस्तकांची मुद्रितं तपासायचा, ते काम संपलं की रूळ.

लोक विचारायचे, आणि मला या प्रश्नाचा फार वैताग यायचा, की एवढे चांगले मोबाइल आहेत, मग त्या जुनाट डबीवर कशाला? अहो, काचेवर बोट टेकवून ठेवता येत नाही. टेकवलं की तिला वाटतं दाबलं. खेळायचं तर अंगठा सतत अधांतरी धरावा लागतो, आणि अंगठा अधांतरी धरणं हे आमच्याकडे जड काम होतं. बटणावर अंगठ्याला विसावता येतं. टीव्हीला जोडायची मोठी खास बटणं मिळतात, तीही मी आणून बघितली. तो म्हणाला, ती टेबलावर राहतात ताई, हे माझ्या हातात राहतं.

अकरा वर्षांत डबीचा रंग उडाला, बिजागरी सैल झाली. आणि आत बटणांखाली रबराच्या ज्या चकत्या असतात त्या झिजून झिजून इतक्या मऊ झाल्या की नुसता अंगठा टेकवून थोडा भार दिला की बटण आत जायचं. त्याचा अंगठा जसजसा थकत गेला तसतशी बटणं मऊ होत गेली. हे घरात फक्त त्याला माहीत होतं. आणि त्याने कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर अंगठा थकतोय हेही सांगावं लागलं असतं.

त्याला पुढच्या कन्सोलांची मोठी आस होती. नवं यंत्र येणार अशी कुणकुण लागली की इंटरनेटवर जगभरचे खेळणारे आपापल्या इच्छा लिहितात. स्क्रीन मोठा हवा, चित्र सिनेमासारखं हवं, बॅटरी दिवसभर हवी. हा दरवेळी तीनच ओळी लिहायचा. वजन कमी करा. बटणाला लागणारा जोर ज्याला हवा तसा कमी-जास्त करता येऊ द्या. आणि तो जोर किती ग्रॅम, ते खोक्यावर छापा. तिसरी ओळ बाबांची होती. बाबा कारखान्यात तपासणी खात्यात होते. छत्तीस वर्षं सुटे भाग मोजून त्यांच्यावर 'पास' किंवा 'रिजेक्ट' असा शिक्का मारला, आणि ती सवय घरी आली. आईची पुरणपोळी पास. समोरच्या हॉटेलचा सांबार रिजेक्ट. मला बघायला आलेली दोन-तीन स्थळंही त्यांनी असल्या एका शब्दात निकालात काढली होती, त्याबद्दल मी त्यांची ऋणीच आहे. ते म्हणायचे, जी गोष्ट माणसाच्या हातात जाणार तिला किती जोर लागतो हे लिहायला नको? नुसतं वजन लिहून काय उपयोग?

त्या तीन ओळींना एकदाच उत्तर आलं होतं. कुणीतरी लिहिलं होतं, जिमला जा. आम्हाला वाटलं याला वाईट वाटेल. हा पठ्ठ्या इतका हसला की ठसका लागला. तेव्हापासून ते घरातलं परवलीचं वाक्य झालं. पाण्याचा पेला उचलला नाही की, "जिमला जायला हवं." कुशीवर वळवायला बाबांना हाक मारायची झाली की, "बाबा, जिमवाले आलेत का?"

आता मी केलेला शहाणपणा सांगते. सांगायचं टाळत टाळत इथपर्यंत आले आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते आणि ती बाबांच्या पद्धतीने असते. नवमीच्या आधीचे आठ दिवस घरातली एकेक वस्तू खोलली जाते. शिवणयंत्राला तेल, विळीला धार, स्कूटरचे ब्रेक, मिक्सरची पाती. कुकरची रबर रिंग जुनी असो नसो, बदलायचीच. रबर म्हणजे दरवर्षी नवं, हा बाबांचा नियम. चेन्नईत त्या दिवशी तसंही सगळं गाव हेच करत असतं. बसच्या नाकाला केळीचे खुंट, ऑटोंना हार, बँकेत आमच्या कॉम्प्युटरांना गंध आणि कुरमुरे-डाळ्यांची पुडी. तीन वर्षांपूर्वीच्या त्या नवरात्रात मला वाटलं, सगळ्यांची हत्यारं नवी होतात, याच्या हत्याराकडे कुणी बघत नाही. बटणं तर पार लुळी पडली आहेत, दाबली न दाबली कळतही नाही. बिचारा आपला तसाच खेळतोय.

बिचारा वगैरे मीच ठरवलं. त्याला विचारलं नाही, कारण मला त्याला चकित करायचं होतं. फक्त "साफ करून आणते" म्हणाले. त्याने "नको ताई, चाललंय की" म्हटलं, मी म्हटलं, "गप रे, दोन दिवसांत मरत नाहीस." आमच्या घरात असं बोलायची पद्धत होती. चिंताद्रिपेट स्टेशनला उतरून मी रिची स्ट्रीटला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. एका दोन हात रुंदीच्या दुकानातल्या अण्णांना डबी दिली आणि ठणकावून सांगितलं, आतलं सगळं रबर नवं घाला. त्यांनी डबी खोलली, बटण दाबून बघितलं आणि म्हणाले, अजून चालतंय अम्मा. मी म्हटलं, नवमी आहे, नवंच घाला. त्यांचं काम चोख होतं. दोन दिवसांनी डबी घेतली तेव्हा बटणं टकाटक वाजत होती, आणि मी गाडीत बसून ती वाजवत घरी आले.

नवमीला आईने डबी पाटावर बाबांच्या मायक्रोमीटरशेजारी ठेवली, तिला गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. तो पलंगावरून नुसता बघत होता. दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, आई मंदारैच्या झाडाची आणते, दिसायला तशीच असतात. पानं देऊन झाल्यावर मी डबी त्याच्या लोडावर ठेवली, त्याचे अंगठे बटणांवर ठेवले आणि समोर बसले. त्याने डोळे मिटल्यासारखे केले. खांद्यापासून काहीतरी जोर आणतोय असं दिसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "छान झालंय ताई. एकदम नवं." आणि म्हणाला, भूक लागली.

मी खूश. श्रीखंड वाढायला गेले.

आठवडाभर डबी मिटलेली राहिली. मला राग यायला लागला. मी मुळात फटकळ, त्यात आपण केलेल्या कामाचं कुणी कौतुक केलं नाही की माझं डोकं फिरतं. एका सकाळी बँकेत निघता निघता त्याला बोललेच. एवढी उन्हातान्हात धावपळ करून आणली आणि तू हात लावायला तयार नाहीस, जुनीच बरी होती का मग? त्याने मिटलेल्या डबीकडे बघितलं. मग म्हणाला, "दाबलं जात नाही ताई."

मी पर्स खांद्याला लावून दारात उभी होते. तो म्हणाला, "परवाइल्ले. तू जा, तुझी गाडी चुकेल." परवाइल्ले म्हणजे असू दे. मी तशीच खाली बसले. त्याने मग सगळं सांगितलं, बटणं किती मऊ झाली होती ते, आणि तो किती वर्षं कुणाला बोलला नव्हता ते. चाळीसपैकी अडतीस स्टेशनं झाली होती. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं नसता शहाणपणा करायला?" त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही, पण ते एक वाक्य मला पुरलं.

मी बँकेत न जाता सरळ रिची स्ट्रीटला गेले. जुन्या चकत्या हव्यात म्हटलं. अण्णांनी हात जोडले. आयुधपूजेला सगळं दुकान झाडून धुऊन काढलं होतं, वर्षभराचा भंगार कचरा पोत्यांत भरून दिला होता. माझ्यासारखीच त्यांचीही पद्धत, जुनं काढायचं. तरी बिचाऱ्यांनी शेजारपाजारच्या दुकानांतून दहा-बारा चकत्या गोळा करून दिल्या. कुठलीच मऊ नव्हती. इंटरनेटवरून एक जुनी डबी मागवली, तिच्या मालकाने ती जपून, न खेळता ठेवलेली निघाली. बाबांनी एक चकती कानशीने घासून पातळ केली, ती फाटली. दुसरी घासली, तर बटण आत गेलं ते वर येईना. बाबा म्हणाले, "झिजण्याला दुसरा रस्ता नाही. वापरूनच झिजेल."

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने काम सुरू केलं. आईचा ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकाचा काटा आणला. त्यावर डबी ठेवून आकडा शून्यावर आणला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बटण दाबलं. टक् झालं तेव्हा आकडा होता एकशेतीस. मग डबी काढून भावाचा अंगठा काट्यावर ठेवला. त्याने जीव एकवटून दाबलं. नव्वद. बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या एका पानामागे दोन रकाने आखले, एकावर 'बटण' लिहिलं, दुसऱ्यावर 'अंगठा'. पुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजायचं ठरलं. त्या रविवारी आईने काट्यावर रवा मोजायचा नाही.

आणि आम्ही बटणं दाबायला लागलो. आई कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दाबायची. बाबा बातम्या बघताना दाबायचे, आणि बातम्यांचा राग आला की जास्त जोरात. वेलचेरीहून मैलापूरपर्यंत गाडीत मी दाबायचे. समोरच्या बायका बघायच्या, एवढी मोठी बाई काय खेळतेय म्हणून. तो म्हणाला, नुसती कसली दाबतेस, खेळ तरी, आणि गेममध्ये माझी वेगळी लाइन साठवायला एक रकाना मला उघडायला लावला. मी पहिल्याच डोंगरात तीन वेळा दरीत गेले. संध्याकाळी घरी आले की तो माझी लाइन बघायचा आणि टर उडवायचा. "ताई, हा पूल आहे का वाळत घातलेली चादर?" मी म्हणायचे, तूच टाक मग. तो म्हणायचा, टाकीन की, तू आधी बटण मऊ कर.

एकदा मी म्हटलं, तुझी दोन स्टेशनं राहिली आहेत, तू सांग, मी टाकते, रूळ तेच आहेत. तो चिडला. तो फार क्वचित चिडायचा. "माझी लाइन मी टाकणार." मग जरा वेळाने म्हणाला, "सगळं तुम्हीच करता माझं. कूस तुम्ही बदलता. दात तुम्ही घासता. हे दोन राहू दे ना ताई." मी पुन्हा ते बोलले नाही.

एकशेदहा आणि ऐंशी. पंच्याण्णव आणि बहात्तर. बाबांच्या कागदावर दोन्ही आकडे उतरत होते. बटणाचा जरा जास्त वेगाने उतरत होता, आणि आमची सगळी आशा त्या जरामध्ये होती. मी आकडेमोडीतली बाई. मनातल्या मनात हिशेब करायचे, असंच चाललं तर दिवाळीपर्यंत, नाहीतर संक्रांतीपर्यंत. देवापाशी काय मागत होते ते आठवलं तर आज हसू येतं. माणसं देवाकडे आयुष्य मागतात. मी दर शुक्रवारी मैलापूरच्या देवळासमोर उभी राहून रबर लवकर झिजू दे म्हणत होते.

त्याच काळात एका मोठ्या कंपनीच्या नव्या यंत्राची घोषणा झाली. संध्याकाळी सहाची वेळ होती. आम्ही चौघं त्याच्या पलंगाभोवती बसलो, आईने उपमा केला होता. मोठा स्क्रीन दाखवला, समुद्र दाखवला, धावणारे घोडे दाखवले. तो म्हणाला, "खाली जा ताई, वजन कुठे लिहिलंय बघ." मी शोधलं. आधीच्याहून जास्त होतं. बटणांबद्दल एक शब्द नव्हता. मला संताप आला, मी मोबाइल आपटलाच जवळजवळ. तो शांत होता. "पुढच्या वेळी करतील," म्हणाला. "कुणाच्या तरी लक्षात येईल. माझ्यासारखे खूप असतील की. आणि म्हातारे होणार आहेतच सगळे, खेळणारेही म्हातारे होणार. तेव्हा हलकं लागेल, मऊ लागेल." उपम्याचा घास गिळून तो म्हणाला, "लिहून टाक आपल्या तीन ओळी." मी लिहिल्या. तो सांगत गेला तशा, एक शब्द न बदलता.

काट्यावर करंगळी दाबायला मी तेव्हाच लागले. त्याचा अंगठा एका महिन्यात त्रेसष्टवर आला होता. मला कळून घ्यायचं होतं की त्रेसष्ट म्हणजे नक्की केवढं. म्हणून मी करंगळी काट्यावर ठेवून तेवढाच आकडा आणायची सवय केली. आपण कपाळावरची टिकली दाबतो ना, तेवढंच. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण तेवढ्याशा जोरावर तो दिवसभर आमच्याशी थट्टा करत जगत होता.

डबी दुरुस्त करून आणल्याला दीड वर्ष झालं, आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याला सर्दी झाली. बाकी लोकांची सर्दी जाते. त्याला खोकायला जोर नव्हता, कफ छातीत उतरला. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तो हॉस्पिटलमध्ये होता. बाबा पिशवीत काटा आणि डबी घेऊन आले. मी म्हटलं, बाबा, आज राहू दे. तोंडावर मास्क असलेल्या त्याने मानेने 'हो' म्हटलं, म्हणजे मोजा. बटण सत्तर. अंगठा पंचावन्न. बाबांनी आकडे कागदावर लिहिले, त्याला दाखवले. त्याने मास्कआडून काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही, मी कान जवळ नेला. "पंधराच राहिले," म्हणाला.

तो गुरुवारी गेला.

तेरा दिवस घरात माणसं होती. चौदाव्या दिवशी मी बँकेत निघाले, वेलचेरीला गाडीत बसले, आणि बघते तर पर्समध्ये डबी. कधी घातली आठवत नाही, सवयीने घातली असणार. मी ती काढली आणि दाबायला लागले. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस आईला कुकरपाशी उभी राहून दाबताना बघितलं. ती म्हणाली, "हाताला काहीतरी लागतं गं." बाबाही बातम्यांच्या वेळी हात पुढे करायला लागले, आणि मी डबी त्यांच्या हातात द्यायला लागले. कशासाठी, असं आम्ही एकमेकांना विचारलं नाही. माझ्या रकान्यातली लाइन पुढे जात राहिली, वाळत घातलेल्या चादरींसकट. त्याचा रकाना मी उघडला नाही.

गेल्या दसऱ्याला घरात सण नव्हता, वर्ष व्हायचं होतं. पण नवमीला बाबांनी पाट मांडलाच. म्हणाले, हत्यारांना सुतक नसतं. या वेळी त्यांनी काहीच खोललं नव्हतं, कुकरची रिंगही जुनीच होती. आईने डबीला गंध लावलं, फूल वाहिलं. दसऱ्याच्या सकाळी मी डबी उचलायला गेले, तर बाबा स्वयंपाकघरातून काटा घेऊन आले. मे महिन्यानंतर त्यांनी तो कागद काढला नव्हता. चष्मा लावला, डबी काट्यावर ठेवली, आकडा शून्य केला. पेन्सिल घेतली, मग ती माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "पेन्सिल नको. तू तुझ्या पद्धतीने कर."

मी करंगळी बटणावर ठेवली. त्याच्या शेवटच्या आकड्याएवढा जोर माझ्या बोटात बसला आहे, तो बघायला मला काटा लागत नाही. हळूहळू भार दिला. पूर्ण द्यायच्या आधीच बटण आत गेलं.

बाबांनी आकडा वाचला. पन्नास. कागद घेऊन 'बटण' लिहिलेल्या रकान्यात तो लिहिला. शेजारच्या रकान्यातला शेवटचा आकडा पंचावन्न होता, त्याच्या खालची जागा कोरी होती. त्यांनी दोन्ही आकड्यांवरून पेन्सिल फिरवली.

"पास," बाबा म्हणाले.

मग त्यांनी कागदाची घडी घातली, काटा पुसून आईला दिला आणि डबी त्याच्या पलंगावर, लोडाला टेकवून ठेवली.